सत्त्याण्णव गुणांची बोली

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच काही शोधत हिंडावं लागत नसे, कारण तिथे उत्तरवड होता. नीट बसा, चुळबुळ करू नका. गोष्ट छोटीच आहे.

या वडाच्या ढोलीत कावळ्यांनी जंगलभरची माहिती पानांवर लिहून रचून ठेवली होती. खाली उभं राहायचं, हवं ते विचारायचं, वरून कावळा पान टाकायचा. पहिलं पान नेहमी सुगरणीच्या तयार घरट्यांच्या जाहिरातीचं. उत्तर दुसऱ्यावर. बुंध्याला पाटी होती : 'सर्व बोलींत सेवा.'

त्याच जंगलात खवलीकाकू राहायची. काकू जातीची खवल्या मांजर. अंगभर टणक खवले. संकट आलं की वेटोळं करून पडायचं, मग वाघाचाही दात लागत नाही. पण तिचं पिल्लू तान्हं होतं, आणि तान्ह्याचे खवले मऊ असतात. त्या पिल्लाला तीन दिवस ताप होता.

तापावर गुळवेल द्यावी, हे काकूला ठाऊक होतं. पण नेहमीच्या जागेवरची वेल माकडांनी ओरबाडून नेलेली. एरवी दिवसा बिळाबाहेर नाक न काढणारी काकू भर दुपारी वडाखाली आली.

"कावळेदादा, पिल्लाला ताप आहे. गुळवेल कुठे मिळेल?" तिने आपल्या बोलीत विचारलं. खवल्या बोली जमिनीला नाक लावून, हळू बोलायची असते.

पान पडलं : 'वेली : झोके घेण्यासाठी उत्तम.'

"झोका नको हो. औषध हवंय. बोरीच्या मुळाशी आमचं बीळ आहे, तिथून जवळ कुठे असेल तर बघा. पिल्लू एकटंच आहे."

पान पडलं : 'बोरं कधी पिकतात?'

"काकू, तुमची बोली आम्हाला अजून नीट कळत नाही," वरून कावळा म्हणाला. "पुन्हा सांगा. सविस्तर सांगा."

काकूने सात वेळा सविस्तर सांगितलं. पिल्लू निपचित आहे, खवले अजून मऊ आहेत, घरात दुसरं कुणी नाही. सातव्यांदा पान पडलं ते पुन्हा सुगरणीचं.

काकू रडकुंडीला आली आणि कोल्होपंतांकडे गेली. कोल्होपंत हे बोली-तुलना समितीचे अध्यक्ष. कोणत्या बोलीत वड किती चांगलं उत्तर देतो, हे त्यांनी नुकतंच मोजलं होतं.

"खवल्या बोलीत काहीच सापडत नाही, पंत."

"शक्यच नाही," पंतांनी यादी काढली. "वाघी बोलीला शंभरपैकी शंभर. खवल्या बोलीला सत्त्याण्णव. अहो, सशांना तुमचा हेवा वाटतोय."

"मोजलंत कसं?"

"अगदी निःपक्षपातीपणे. सगळ्यांना तेच शंभर प्रश्न. वाघमहाराजांच्या गुहेत तयार केले आणि पोपटाकडून प्रत्येक बोलीत करून घेतले. मिशा कशा साफ कराव्यात? डरकाळीसाठी उंच खडक कोणता? सांबराचं मटण किती दिवस टिकतं? यातलं काहीही तुमच्या बोलीत विचारा, उत्तर लगेच."

"माझ्या पिल्लाला ताप आहे हो."

पंतांनी यादीवरून पंजा फिरवला. "हा प्रश्न यात नाही," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी यादी दोनदा पाहिली.

आता काय करायचं? काकूला वाघी बोली थोडीफार येत होती. जंगलात ती सगळ्यांनाच येते. वाघ काय म्हणतोय ते एकदा कळलं नाही, तर दुसऱ्यांदा कळायची वेळ येत नाही. काकू वडाखाली परतली, घसा खाकरला आणि होती नव्हती तेवढी छाती फुगवून गुरगुरली, "गुळवेल."

पान तत्काळ पडलं. जाहिरातसुद्धा नाही. 'ओढ्याच्या वळणावर, कडुलिंबावर चढलेली. ताजी.'

काकूचा जीव भांड्यात पडला. ती वळणार, तोच आणखी एक पान तरंगत खाली आलं.

"महाराजांना हेही आवडेल," वरून कावळा अदबीने म्हणाला.

पानावर होतं : 'खवल्या मांजराचं पिल्लू. निपचित. खवले मऊ. बोरीच्या मुळाशी बीळ. आई बाहेर गेलेली.'

काकू वर बघून ओरडली, "मेल्या, मघाशी तर माझी बोली कळत नाही म्हणालास."

कावळ्याने वाकून पाहिलं. "अरे, काकू तुम्ही? उत्तर देण्याइतकी कळत नाही अजून. नोंद करण्याइतकी कळते."

"हे पान कुणाकुणाला दिलंस?"

"आत्ताच एका वाघाला. त्यांना फार आवडलं."

मुलांनो, खवल्या मांजर पळताना तुम्ही पाहिलं नसेल. ते पळतच नाही. त्या दुपारी पळालं. काकूने पिल्लू शेपटीवर घेतलं आणि ती ओढ्याकडे निघाली तेव्हा बोरीमागचं गवत हलायला लागलं होतं. तिने मागे पाहिलं नाही.

वाघाला बीळ रिकामं सापडलं. त्याने तक्रार केली. जंगलभर हलकल्लोळ झाला, समिती झोपमोड करून भरदिवसा बसली, आणि वाघी बोलीचा एक गुण कापला गेला. शंभराचे नव्याण्णव. खवल्या बोलीचे सत्त्याण्णव तसेच राहिले.

चौकशीत दोष कळला. खवल्या बोलीतून ताजी माहिती पुरेशी येत नाही. मग कोल्होपंत स्वतः दारोदार फिरले. "मातृभाषेचा अभिमान बाळगा," ते बिळात तोंड घालून सांगत, "वडाखाली या, आपल्या बोलीत मोकळेपणाने बोला."

ओढ्याकाठच्या नव्या बिळात मात्र ते पोचले नाहीत. तो पत्ता वडावर नव्हता. तिथे ताप उतरलेलं पिल्लू आईच्या नाकाला नाक लावून शिकत होतं : गुळवेल कुठे असते, आणि हे कुणाला सांगायचं नाही.

तात्पर्य : आपली बोली मागे पडू नये म्हणून तिच्यात भरभरून, सविस्तर बोलावं. वाघांची गैरसोय होत नाही.