एका गोलाने हरायचं

हरण्यात काय अवघड आहे, असं ओबियाजुलूचं स्वच्छ मत होतं. जिंकायला कसब लागतं, हरायला नुसतं बसून राहिलं तरी पुरतं.

"नुसतं बसून चालायचं नाही," ओझिओमा म्हणाली. "एका गोलाने हरायचं. तीन-चारने हरलास तर डेडे म्हणतील, याच्यात दम नाही. आणि जिंकलास तर मग यादी बघ."

यादी म्हणजे लग्नाची यादी. मुलाने काय काय घेऊन यायचं ते मुलीकडचे लिहून देतात: कंद, ताडी, मिठाची पोती, बायकांची लुगडी, बोकड. ओझिओमाला वडील नव्हते, त्यामुळे यादी लिहिणार होते तिचे थोरले काका ओक्वुदिली. सगळं उमुआहिया गाव त्यांना मानाने डेडे म्हणे. माणूस निवृत्त शाळामास्तर, आणि दर रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारा. करणारा म्हणजे गाणारा. दोन वाक्यं बोलायची, तिसरं सुरात घ्यायचं आणि चौथं सगळ्या सभेने उचलायचं. त्यांचा आवाज लागला की दाराबाहेर शेंगा विकणारी बाईसुद्धा टोपली खाली ठेवून हात जोडायची.

अशा भल्या माणसाला नाद एकच होता, टीव्हीवरच्या फुटबॉलच्या गेमचा. भाच्याने लागोसहून कन्सोल पाठवला तेव्हापासून मागणी घालायला येणाऱ्या मुलाशी एक सामना खेळल्याशिवाय ते लेखणी उचलत नसत. "तोंडाने माणूस काहीही सांगेल," ते म्हणत, "खेळायचा पॅड हातात घेतला की खरा कळतो." आधी आलेला एनुगूचा वकील पाच गोलांनी जिंकला होता. त्याला सात पानी यादी मिळाली. ती वाचत वाचत तो जो मोटार-स्टँडकडे गेला, तो अजून वाचतोच आहे.

डेडेंच्या घरी मात्र पॅड एकच शिल्लक होता. दुसऱ्यावर शेजाऱ्यांच्या बकरीने पाय दिला होता. तेव्हा निरोप आला की मुलाने आपला पॅड बरोबर आणावा.

ओबियाजुलूने बाजारात अस्सल पॅडची किंमत विचारली आणि दुकानदाराकडे स्टूल मागितलं.

"हा घ्या," दुकानदाराने दुसरं खोकं पुढे केलं. "पाचव्या हिश्शात. वायरलेस आहे, थरथरतो, दिवेही लागतात."

"कंपनी तीच का?"

"त्याचाच भाऊ समजा. आई एक, वडील वेगळे."

ओबियाजुलूच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. हरायचंच आहे तर चांगला पॅड हवा कशाला? हलक्या पॅडने आपण आपोआप हरू, नाटक करावं लागणार नाही, आणि पैसेही वाचतील. दुकानातल्या टीव्हीवर त्याने पाच मिनिटं चालवून पाहिला. पडद्यावरचा खेळाडू हरणासारखा उजवीकडे धावत सुटला.

"चपळ आहे," तो म्हणाला.

"नवा आहे ना," दुकानदार म्हणाला आणि खोकं घाईने बांधून दिलं.

रविवारी दुपारी चर्च आटोपल्यावर ओबियाजुलू थोरल्या भावाला घेऊन डेडेंच्या घरी पोहोचला. भावाचं नाव चिबुंडू. अशा कामाला बोलणारा माणूस बरोबर लागतो, आणि चिबुंडूला बोलण्याखेरीज दुसरं काही येतच नव्हतं. रीतीप्रमाणे कोलाची बी फोडून वाटली, प्रार्थना झाली, ताडीचे पेले फिरले. मग डेडेंनी अंगरख्याच्या बाह्या वर केल्या, चष्मा पुसला, आणि सामना सुरू झाला.

ओबियाजुलूचा संघ डावीकडून उजवीकडे खेळत होता. चेंडू त्याच्या माणसाकडे आला. हा कोणाकडे तरी गबाळा पास द्यावा असा विचार करतो न करतो, तोच माणूस उजवीकडे पळत सुटला. ओबियाजुलूने अंगठा डावीकडे ओढला. माणूस क्षणभर अडखळला, उंबऱ्यावर काहीतरी विसरल्यासारखा थबकला, आणि पुन्हा उजवीकडे. डेडेंचे बचावाचे तिन्ही गडी मागे राहिले. चेंडू लांब मारून घालवावा म्हणून ओबियाजुलूने बटण दाबलं, तो गोल झाला.

"पहिला," चिबुंडू म्हणाला. "अजून तर त्याने अंगही मोकळं केलेलं नाही."

ओझिओमा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. तिने पळी अशी धरली की ओबियाजुलूला घाम फुटला. त्याने अंगठ्याचा सगळा जोर लावला, नख पांढरं पडलं. दुसरा गोल झाला. मग त्याने पॅडवरून हातच काढून मांडीवर ठेवले. तरी माणूस आपला चेंडू घेऊन उजवीकडे चालला, गोलरक्षक पुढे येऊन घसरला, आणि तिसरा.

"मोकळ्या हाताने," चिबुंडू म्हणाला. "लहानपणापासून हा असाच आहे, डेडे."

कीर्तनात पूर्वरंग संपल्यावर बुवा पाण्याचा घोट घेतात, तसा डेडेंनी ताडीचा एक घोट घेतला.

उत्तररंगाला बाजू बदलल्या. आता ओबियाजुलूचा स्वतःचा गोल उजवीकडे होता. पॅडला त्याचं काय? त्याला उजवीकडे जायचं होतं. ओबियाजुलूचा गडी चेंडू घेऊन वळला, आपल्याच सोबत्यांना चुकवत, आपल्याच गोलरक्षकाला वळसा घालून निवांतपणे आपल्याच जाळ्यात शिरला. तीन-एक.

ओबियाजुलूला हायसं वाटलं. देव आहे, असं तो मनाशी म्हणालासुद्धा. मग तीन-दोन झाले. मग तीन-तीन. अजून एक झाला की एका गोलाने हार, जशी ओझिओमाने सांगितली तशी. त्याने कृतज्ञतेने दाराकडे पाहिलं. तिने पळीने कपाळ झाकून घेतलं होतं.

"बघा डेडे," चिबुंडूने पेला पुढे करत सांगितलं, "याला म्हणतात घरचं वळण. आमचा मुलगा वडीलधाऱ्यांना कधी हरवायचा नाही."

डेडेंनी खेळ थांबवला. पॅड मांडीवर ठेवला. चष्मा काढून मिटला. खोलीत कोणी पेला खाली ठेवला नाही, आवाज होईल म्हणून.

"ओबियाजुलू."

"डेडे."

"पहिल्या निम्म्यात तू मला मारलंस. त्याचं मला काही नाही. मार खाल्लेला माणूस आहे मी. पण दुसऱ्या निम्म्यात तू मला वाढलंस. पंगतीत भात वाढतात तसे गोल वाढलेस. मी मागितले होते?"

ओबियाजुलूपुढे आता दोनच वाटा होत्या. मान राखण्यासाठी हरत होतो म्हणावं, तर डेडेंना भीक घातल्यासारखं होतं. पॅड हलका आहे म्हणावं, तर ओझिओमाला मागायला येताना बाजारातलं सगळ्यात स्वस्त खोकं उचलून आणलं हे कबूल करावं लागतं. पहिल्या वाटेवर ओझिओमा हातची जायची, दुसऱ्या वाटेवर अब्रू. त्याने दाराकडे पाहिलं आणि दुसरी वाट धरली.

"डेडे, मी नव्हतो वाढत. हा पॅड मनाने पळतो. स्वस्तातला आहे."

"किती स्वस्त?"

त्याने आकडा सांगितला. चिबुंडूला ठसका लागला.

डेडेंनी तो पॅड मागून घेतला आणि उघड्या तळहातावर ठेवला, प्रसाद घ्यावा तसा. एकही बोट न लावता. पडद्यावरचा माणूस शांतपणे उजवीकडे निघाला. मैदानाच्या कडेला पोहोचला, तरी भिंतीला लागलेल्या बकऱ्यासारखा तिथेच पाय झाडत राहिला.

डेडे बराच वेळ बघत होते. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे. आणि मग सूर लागला. "माणूस निघाला," ते बोलले. "कुठे निघाला, त्याला ठाऊक नाही," ते बोलले. तिसरं वाक्य त्यांनी सुरात घेतलं, "त्याला धरणारा हात आपला नव्हता," आणि आतल्या बायकांनी ते स्वयंपाकघरातूनच उचललं. चिबुंडूने टाळ्यांचा ठेका धरला. डेडे जे गात होते ते आधी पॅडबद्दल होतं, नंतर ओबियाजुलूबद्दल, आणि शेवटी शेवटी सगळ्यांबद्दलच. ओबियाजुलूचे डोळे पाणावले. ते भक्तीने की सुटल्याच्या आनंदाने, हे त्याला आजही सांगता येत नाही.

"खरं बोललास," गाणं थांबवून डेडे म्हणाले. "त्या वकिलापेक्षा बरा आहेस." त्यांनी यादी लिहिली. एकच पान. शेवटची ओळ मात्र दोनदा अधोरेखित केली: पॅड एक, अस्सल, याचा भाऊ नव्हे.

या खेपेस ओबियाजुलूने काचेच्या दाराच्या मोठ्या दुकानातून पूर्ण किंमत मोजून पॅड घेतला. लग्नाच्या दिवशी सामान तपासायला मंडळी जमली. कंद मोजले, बोकडाचे दात पाहिले, मीठ चाखलं. डेडेंनी खोक्याचं सील स्वतः फोडलं, पॅड जोडला आणि तळहातावर ठेवला.

पडद्यावरचा माणूस थोडा घुटमळला आणि डावीकडे पळू लागला.

ओबियाजुलूने डोळे मिटून घेतले. ओझिओमा हातात ताडीचा पेला घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"हरकत नाही," डेडे अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तो पहिलाही माझ्याकडे आणून ठेव."

तेव्हापासून डेडे कोणाकडून हरलेले नाहीत. त्यांची बसायची जागा ठरलेली, संघ ठरलेला, आधी डावीकडून उजवीकडे खेळणारा. पहिल्या निम्म्यात उजवीकडे पळणारा पॅड, मधे ताडीचा घोट, दुसऱ्या निम्म्यात डावीकडे पळणारा. आळीतले धाकटे खेळाडू त्यांना वचकून असतात. जावई आला की नियम म्हणून एक सामना होतोच. ओबियाजुलूला देतात तो जुना, सरळ चालणारा पॅड. तो दात-ओठ खाऊन खेळतो आणि सात, कधी आठ गोलांनी हरतो.

परतीच्या मोटारीत ओझिओमा दर वेळी तेच म्हणते, "मान राखावा, पण इतका? मी एका गोलाने सांगितलं होतं."