सिझरच्या लेकराला विरजण

बाळंतपणावरचं मी सगळं वाचलं होतं. आई सहा महिने आधीच गेली होती, तिच्याशिवाय विचारावं असं कोणी वाटत नव्हतं. पुस्तकांवर भागेल याची मला पक्की खात्री होती. २००४ साली वसमतच्या एका दवाखान्यात सिझर झालं, तेव्हाही मी डगमगले नाही. सिझरच्या लेकराला जन्मताना आईच्या अंगचे चांगले जंतू नीट मिळत नाहीत. म्हणून त्याला उघड्या छातीशी धरायचं आणि आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, हे मला पाठ होतं. फक्त दूध अजून उतरायचं होतं.

सोबतीला राहिलेल्या जनकामावशीला समजावं म्हणून मी दह्याचं उदाहरण दिलं. बाळाचं पोट म्हणजे ताजं दूध, आईचे जंतू म्हणजे विरजण. मावशीला पटलं. फारच पटलं! ती संध्याकाळच्या जीपने गावी, डोंगरकड्याला गेली आणि सकाळी मनकर्णाकाकू, पेमाआत्या आणि दह्याची तीन लोटकी घेऊन परत आली.

कुणाचं विरजण लावायचं, यावर माझ्या खाटेशी पंचायत बसली. पहिलं बोट जो चाटवतो त्याचा स्वभाव लेकरात उतरतो, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. काकूंचं दही सुरीनं कापावं असं घट्ट. आत्यांच्या मते त्यात काकूंचा चिकटपणा होता. काकूंच्या मते आत्यांच्या आंबट दह्यात आत्यांची जीभ होती. नर्सबाई डोकावून, इथे डेअरी कधी उघडली, असं हिंदीत विचारून गेल्या. तेवढ्यात आत्यांचं दह्यात बुडालेलं बोट लेकराच्या ओठांपासून वीतभरावर आलं. टाक्यांमुळे मला उठता येईना.

"त्याला न्हाई," मी म्हणाले. "मला द्या. माझ्यातून जाईल त्याच्यात."

"बाळंतिणीनं दही खावं? वात भरल की, करुणा," काकू म्हणाल्या.

मी दोन्ही लोटकी संपवली. याला कुठल्याच पुस्तकाचा आधार नव्हता. तिसरं लोटकं मावशी पदराखालून काढेना.

"ह्ये तुह्या मायचं हाय," ती म्हणाली. "तिनंच विरजण देलं व्हतं. म्या रोज लावून राहिले. एक दिस मोडू देलं न्हाई."

ते मी हळूहळू खाल्लं. मग मावशीनं लेकराचं दुपटं सोडून त्याला माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून आपला पदर टाकला. त्यानं दोनदा तोंड चुकवलं, तिसऱ्यांदा धरलं, आणि गिळल्याचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचं पोट तपासलं, एकदम बराबर. मी मात्र पहाटेपासून सातव्यांदा संडासला जाऊन आले होते, तेही टाके सांभाळत! त्यांनी मला जंतू मारायच्या गोळ्या लिहून दिल्या.

मावशीला मी त्या ताकदीच्या म्हणून सांगितल्या.