खोटं लिवाचं नाही

उकंडाबुवा कुणाला रामराम घालत नसे. समोरचा माणूस ज्या जागेवर उभा असेल, त्या जागेवर पूर्वी काय होतं ते तो आधी सांगे आणि मगच पुढचं बोले. मी बोरखेडच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो. अनसिंगाहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत वेशीपाशी उतरलो आणि वळकटी खाली ठेवली. समोरच्या झोपडीतून एक लांबुडका माणूस अंबाडीचा दोर वळत वळतच बाहेर आला.

"तुमी उभे हा ना जी, तठी किसन्याची म्हैस मेली होती."

मी दोन पावलं बाजूला सरकलो.

"अन् तठी तिले पुरली," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "कोन गाव? कोनाचे?" मी सांगितलं. तो आणखी जवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "मोठ्या दुष्काळात तुमच्या गावात कोनाचं काही हरपलं होतं काय?"

मोठ्या दुष्काळात मी जन्मलोही नव्हतो. तसं सांगितल्यावर "बरं, बरं" म्हणून तो आत निघून गेला. मी मनात म्हटलं, वेशीवरच हा नमुना, तर आत काय वाढून ठेवलंय देव जाणे.

आत काही वाढून ठेवलं नव्हतं. गाव साधं होतं, आणि एकटा जीव सदाशिव असलेल्या मास्तराला जेवढं कंटाळवाणं असावं तेवढं कंटाळवाणं होतं. म्हणून असेल, महिन्याभरात शाळा सुटली की माझे पाय आपोआप उकंडाबुवाच्या झोपडीकडे वळू लागले.

बोरखेडची विहीर कुणी खणली, तिला पाणी किती हातांवर लागलं, पाणी लागल्यावर कोण आनंदानं आत पडलं, हे त्याला पाठ होतं. कुणाच्या लग्नात वरणात मीठ दोनदा पडलं, कुठलं भांडण कुठल्या बांधावरून सुरू झालं आणि बांध कुणी सरकवला, तेही. ही माहिती त्यानं म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे पाय चेपत गोळा केली होती. ज्या म्हातारीशी तिच्या सुना बोलत नसत, तिच्या उशाशी हा तासन्‌तास बसे. गावातल्या प्रत्येक कडुलिंबाचं वय तो सांगे. स्वतःचं विचारलं की म्हणे, "असंन चाळीस-पंचेचाळीस. पायनारानं लिवलं नाही."

इतकं ज्ञान कुणाच्याच सोयीचं नसतं. सोयरीक जुळताना वराकडचे "आमच्या घरात सात पिढ्या कुणी खोटं बोललं नाही" असं सांगायला लागले की मांडवाच्या कोपऱ्यातून आवाज येई, "चौथ्या पिढीतला नामदेव बोलला होता. बैलाच्या दातावरून." एका लग्नघरानं शहाणपणा केला. दोन दिवस आधीच त्याला पोहरादेवीच्या यात्रेच्या गाडीत बसवून दिलं, वर दशम्यांची शिदोरी दिली. वरातीच्या वेळी धुळीनं माखलेला उकंडाबुवा दारात हजर! देवीचं दर्शन घेतल्या पावली तो चालत परतला होता. नवरदेवाच्या काकाचं नाव लग्नपत्रिकेत चुकलंय हे त्याला वाटेत आठवलं होतं.

पोळ्याला मात्र त्याचा भाव वधारे. तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जायची, त्यात वाद नव्हता. दुसरा मान कुणाचा यावरून दरसाल काठ्या निघत. मग दोन्हीकडची माणसं उकंडाबुवाला पुढं घालत. तो तोरणापाशी उभा राहून आज्या-पणज्यांसकट निवाडा देई आणि बैल मुकाट्यानं पुढे सरकत. त्याची स्वतःची जोडी नव्हती. पण गावातल्या बहुतेक बैलांच्या वेसणी त्यानंच वळलेल्या असत. पोळा झाला की गरज सरो वैद्य मरो, पुन्हा त्याला पाहून लोक वाट बदलत.

त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असे: "खोटं लिवाचं नाही." खरं तर त्याला लिहिता येत नव्हतं. पण बोललेलं आणि लिहिलेलं यात तो फरक करत नसे.

असं चाललेलं असताना जिल्ह्याहून, म्हणजे अकोल्याहून, शाळेला एक छापील कागद आला. मास्तरांनी आपापल्या गावची जुनी माहिती लिहून पाठवावी, असा हुकूम होता. मला हायसं वाटलं, कारण माहिती माझ्या दारात चालत येणार होती. उकंडाबुवाला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला दोर पहिल्यांदाच थांबलेला मी पाहिला.

"अकोल्याले जाईन हा कागद?"

"जाईल की."

"खाली सांगनाऱ्याचं नाव टाकतेत काय?"

"टाकतात."

"माहं टाकसान?"

"तुझंच टाकणार. दुसऱ्या कुणाला एवढं माहीत आहे?"

त्यानंतर महिनाभर तो रोज दुपारी शाळा सुटल्यावर अंगरखा घालून येई. अंगरखा! एरवी त्याच्या अंगावर बंडी असली तर नशीब. बसण्याआधी एकदा विचारी, "नाव टाकसान ना जी?" आणि उठताना पुन्हा एकदा. त्याचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. ना सातबाऱ्यावर, ना देवळाच्या वर्गणीच्या पाटीवर. लग्न नाही, त्यामुळे पत्रिकेवरही नाही.

लिखाण वाघापाशी अडलं. पाटलांच्या आजोबांनी भाल्यानं वाघ मारला ही बोरखेडची शान होती. उकंडाबुवा म्हणाला, "वाघ नोहता. तडस होता. म्हातारा. धान्याच्या रिकाम्या पेवात पडून मेला. आजोबा त्या दिवशी दाढ काढाले वाशीमले गेल्ते."

वाघाचा तरस झाला, ही गोष्ट पाटलांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत आले. उकंडाबुवाला पाहून भडकलेच.

"काहून रे उकंड्या? दुसऱ्याच्या आज्याचा हिशेब ठेवतं, तुह्या बापाचा पत्ता हाये काय तुले?"

उकंडाबुवा उठला. दोर घेऊन निघून गेला. पाटील मग ओशाळले. मनानं वाईट माणूस नव्हता. बसले, पानाचा डबा काढला, आणि मला त्यांच्याकडूनच सगळं कळलं. मोठ्या दुष्काळात पाटलांच्या आईनं, सुभद्राबाईंनी, पारावर आंबील वाटली होती. लांबलांबून लोक येत, पीत, पुढं जात. एका संध्याकाळी गर्दी पांगली आणि पारावर चार-पाच वर्षांचं एक पोर उरलं. त्याला गाव सांगता येईना, बाप सांगता येईना. सुभद्राबाईंनी त्याला ठेवून घेतलं. मरण लागू नये म्हणून आपल्याकडे पोराला उकिरड्यावर लोळवून उकंडा म्हणतात, तसंच त्यांनी याला म्हटलं.

"माह्यासंगं एका ताटात जेवला तो, मास्तर," पाटील म्हणाले. "घर बांधून देतो म्हनलं गावात. नाही म्हनते. वेशीवरच रायतो म्हनते. येनारा मानूस आंधी मलेच दिसला पाह्यजे म्हनते."

मला तो पहिल्या दिवशीचा सवाल आठवला. माझ्या गावात कुणाचं काही हरपलं होतं का, हे त्यानं का विचारलं ते तेव्हा समजलं. इतकी वर्षं वेशीतून आत येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत होता, आणि मी त्याला वेडा ठरवलं होतं.

वाघाचा गुंता मी "एक वन्य पशू" असं लिहून सोडवला. पाटील खूश झाले. उकंडाबुवानं अर्थ विचारून घेतला. "जंगली जनावर? मंग बरोबर हाये. तडसबी जंगलीच." त्या दिवशी मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटला.

तो टिकला कागदाच्या शेवटच्या ओळीपर्यंत. माहिती देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, मूळ गाव, असं तिथं छापलेलं होतं. मी वाचून दाखवलं. तो अंगरखा घालून बसलेला. मीच घाईनं म्हणालो, "बापाच्या जागी पाटलांच्या वडिलांचं नाव घालू. पाटील नाही म्हणायचे नाहीत. गाव बोरखेड."

"खोटं लिवाचं नाही जी. एका खोट्यानं सारा कागद नासते."

"मग माहीत नाही असं लिहितो."

तो कागदाकडे बघत म्हणाला, "साऱ्या गावाचं सांगते, अन् बापाचं माहीत नाही? अकोल्याचे लोक हासतीन. म्हनतीन, याचं सारंच खोटं. माहं नाव नोका टाकू, मास्तर." आणि तो उठला.

आठ दिवस तो फिरकला नाही. कागद पाठवायची मुदत आली. मला जेवण गोड लागेना. एका दुपारी मी दुष्काळाचं पान पुन्हा लिहायला घेतलं, आणि ते घेऊन वेशीवर गेलो. झोपडीच्या दारात तो दोर वळत बसला होता. अंगावर बंडी. मी उभा राहिलो तरी माझ्या पायाखाली पूर्वी काय होतं ते त्यानं सांगितलं नाही.

मी वाचायला लागलो. "त्या वर्षी सुभद्राबाईंनी पारावर आंबील वाटली. त्या वर्षी एक पोरगं एकटंच चालत या गावात आलं. ते इथंच राहिलं. ही सगळी माहिती त्यानं जपली आणि त्यानंच सांगितली. त्याचं नाव उकंडा." शेवटच्या ओळीत बापाच्या आणि गावाच्या जागी मी लिहिलं होतं, "दुष्काळाच्या पानावर पाहावे."

तो दोराकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तरी खूश होईल.

"मास्तर, एक चूक हाये."

"कुठली?"

"एकटा नोहतो मी." त्यानं उजव्या हाताचं बोट पुढं केलं, जणू ते अजून कुणाच्या मुठीत होतं. "कोनतरी होतं. बोट धरेल होतं माहं. हातात लाखेच्या बांगड्या होत्या, दोन. मंग आंबिलीले गर्दी झाली. अन् बोट सुटलं. सोडलं का सुटलं, ते मले माहीत नाही, म्हनून ते लिवाचं नाही. पन होतं कोनतरी. एकटं नोका लिवू. खोटं लिवाचं नाही."

मी खिशातली पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर कागद धरून तो शब्द खोडला.

"वाचा जी परत. तेवढंच."

"त्या वर्षी एक पोरगं चालत या गावात आलं."

"हाव," तो म्हणाला. "आता टाका नाव."