अंगम्माळने काढलेला मोर

रविवारी सकाळी बाहेर पडायला दार उघडलं आणि कदिरेसनचा पाय उंबऱ्यातच अडखळला. दारात त्याच्या आईने, अंगम्माळने, सहा फुटी मोर काढला होता. मार्गळी महिना चालू होता आणि सेलमच्या त्या गल्लीत घरोघरी कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, काढायची चढाओढ, तेव्हा मोराचं नवल नव्हतं. नवल रंगाचं होतं. राखेत चांदी मिसळावी तसा तो मोर चमकत होता.

"अम्मा, ही रांगोळी कुठली?"

"तूच आणलीस की काल! तांदळाच्या डब्याशेजारी गोणी ठेवलीस ती." अंगम्माळ पदराला हात पुसत म्हणाली. "काय बारीक आहे रे! आजवर घरात कधी सुईदोरा आणला नाहीस. म्हटलं, लेकाला सुबुद्धी झाली."

ती रांगोळी नव्हतीच.

कदिरेसन कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. चंद्रावर पाठवायच्या यंत्रगाडीची चाकं आजमावून बघण्यासाठी बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांना चंद्रावरच्यासारखी माती हवी होती, आणि तसा दगड नामक्कलकडे सापडतो. तीन महिने कदिरेसनने तो दगड दळला, चाळला, पुन्हा दळला. वीस किलोंची शेवटची गोणी सोमवारी जायची होती. प्रयोगशाळेत रंगकाम निघालं म्हणून त्याने ती स्कूटरवरून घरी आणली. आईला सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं वाटलं म्हणून नाही. सांगावं हेच मुळी मनात आलं नव्हतं.

त्याने धावत जाऊन गोणी उघडली. तळाशी चार ओंजळी माती उरली होती.

"एका मोराला एवढी लागली?"

"मोराला कसली! धनभाग्यमने दोन डबे नेले. मग तिचं बघून सगळ्याच आल्या. अकरा घरी दिली. नाही कुणाला म्हणायचं?"

कदिरेसनने मऊ झाडू आणि सुपली उचलली आणि समोरचं घर गाठलं. धनभाग्यम आपल्या कमळाकडे कौतुकाने बघत उभी होती.

"अक्का, तुमचा कोलम जरा झाडून घेऊ?"

"काय?" धनभाग्यमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "सकाळच्या पारी दारातला कोलम झाडतोस? माझ्या घरात कुणी गेलंय का?"

"तसं नाही अक्का. ती रांगोळी नाहीये."

"मग काय आहे?"

आता खरं सांगायचं, तर कॉलेजची माती घरी आणली, आईने ती वाटली, हे सगळं आलं. उद्या ते प्राचार्यांच्या कानावर गेलं असतं. कदिरेसनच्या तोंडून निघून गेलं, "उंदराचं औषध आहे त्यात."

एवढं ऐकल्यावर सुपलीचं काही काम उरलं नाही. दहा मिनिटांत अकरा दारांत बादल्या ओतल्या गेल्या. तीन महिन्यांच्या मेहनतीची शेवटची गोणी राखाडी ओहोळ होऊन गटाराला लागली. आणि बायका अंगम्माळच्या दाराशी लागल्या.

"माझी नात त्यात बसून खेळत होती, अंगम्माळ!"

"फुकट वाटत होतीस तेव्हाच शंका यायला हवी होती आम्हाला!"

अंगम्माळ हात जोडून उभी राहिली. एकदाच तिने लेकाकडे पाहिलं. तोंड उघडायची ती वेळ होती. कदिरेसन सुपलीतली धूळ निरखत राहिला.

दुपारी त्याने बेंगळुरूच्या वारिजा मॅडमना फोन लावला. "मॅडम, चंद्राच्या मातीची गोणी उंदरांनी फोडली. सगळी माती सांडली, खराब झाली."

"प्रयोगशाळेत उंदीर?" मॅडम हळहळल्या. "तीन आठवडे देते, सर. त्याहून जास्त नाही."

मागे अंगम्माळ वाटाणे सोलत बसली होती. ती कशाची माती होती, आणि त्यात औषधबिषध काही नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.  सोमवारी ती सूप आणि धोतरासारखी जुनी वेष्टी काखेत मारून कॉलेजच्या फाटकाशी हजर झाली.

"तू इथे कशाला?"

"सांडली मी. चाळीन मी."

यंत्रातून निघालेली माती ती वेष्टीतून वस्त्रगाळ करायची आणि चिमटीत धरून बघायची. "हे जाड आहे. परत घाल." तीन आठवडे दोघं राबली. त्या काळात गल्लीतली एकही बाई तिच्याशी बोलली नाही. घरी जाताना ती मान खाली घालून चालायची, आणि कदिरेसन तिच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून.

गोणी गेली. आठवड्याने मॅडमचा फोन आला.

"सर, आधीच्या सगळ्या गोण्यांपेक्षा ही उत्तम! चाक हवं तेवढंच रुततंय. चाळायला नवीन कुणाला घेतलंत?"

"माझी आई."

"त्यांना द्या ना फोन!"

अंगम्माळने फोन दोन्ही हातांनी धरला. "हो बाई... नाही बाई, त्यात कसली हुशारी... उंदीर? उंदीर कुठले! मीच कोलम काढला त्याचा. गल्लीत तर उंदराचं औषध म्हणून सांगितलंय, विचारा ना कुणालाही."

कदिरेसनचे कान तापले. आईने निरागस चेहऱ्याने फोन त्याच्या हाती दिला.

 मॅडम म्हणाल्या, "उंदरांचा उल्लेख मी कागदावरून काढते, सर. गल्लीतला तुम्ही काढा."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना कदिरेसन धनभाग्यमच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. चंद्र, गोणी, खोटं औषध, आणि आईला बोलणी बसताना आपण गप्प राहिलो तेही.  धनभाग्यमने ऐकून घेतलं.

"मग? माझं कमळ कोण भरून देणार?"

त्याने बाजारातली रांगोळी घेतली आणि गुडघे टेकले. चिमटीतून कधी ढीग पडे, कधी काहीच पडेना. अर्ध्या तासाने तो उठला.

"हे काय काढलंस?"

"कमळ, अक्का."

धनभाग्यमने मान या बाजूला कलती केली, त्या बाजूला केली. मग पदर खोचला आणि गल्लीकडे तोंड करून हाक दिली, "अगं ए, बाहेर या गं सगळ्या! अंगम्माळ, तूही ये! प्रोफेसर दारोदार कोलम काढून देतायत. माझा झाला, आता नंबर लावा!"

एकामागून एक दारं उघडली. कदिरेसन रांगोळीचा डबा घेऊन पुढच्या घराकडे निघाला.