खुर्चीसाठी नऊ मिनिटं

वहिनी आडवी असते तेव्हा तिची नाडी मिनिटाला बहात्तर असते. उभी राहून तीन मिनिटं झाली की एकशे अठरा. हृदय खोटं बोलत नाही, असं म्हणतात. बहुधा म्हणूनच आमच्या समितीत त्याला बोलू देण्याची पद्धत नाही.

वहिनी शाळेत चित्रकला शिकवते. तीन वर्षांपासून तिला दीर्घकालीन थकव्याचा आजार आहे. हा थकवा विश्रांतीनं जात नाही आणि श्रमांनंतर दुपटीनं वाढतो. बसून शिकवता यावं म्हणून तिनं वर्गात एक खुर्ची मागितली. ती मिळाली नाही तर नोकरी सोडावी लागणार. अशा अर्जांची छाननी करणाऱ्या समितीत मी तंत्रज्ञ आहे. ट्रेडमिल मी चालवते (चालतात अर्जदार). नात्याची अडचण कुणी काढली नाही. ट्रेडमिलच्या पट्ट्याला नातं कळत नाही.

नियम सुटसुटीत आहेत. नऊ मिनिटं चालला तो तंदुरुस्त. त्याला खुर्ची कशाला? मध्येच थांबला त्याची इच्छाशक्ती कमी. त्याला खुर्ची देऊन ती आणखी कमी का करायची? कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. वर पोचला नाही तो गैरहजर. चार वर्षांत एक्केचाळीस अर्ज आले. सतरा तंदुरुस्त, पंधरा आळशी, नऊ गैरहजर. आजारी एकही नाही. एखादा रोग इतक्या कमी खर्चात कुणी हटवल्याचं माझ्या वाचनात नाही.

वहिनी बेचाळिसावी. ती पूर्ण नऊ मिनिटं चालली.

अध्यक्ष खूश झाले. "बघा बाई, मनावर घेतलं की होतं! आमच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत, रोज चार किलोमीटर चालतात."

"मग माझा वर्ग त्यांनाच द्या," वहिनी भिंतीला धरून म्हणाली.

पुढचे सहा दिवस ती पडदे ओढून पडून होती. दात घासायलाही दादा तिला धरून न्यायचा. याची नोंद नाही, कारण तेव्हा यंत्र बंद होतं. सातव्या दिवशी अहवाल तयार झाला : 'हृदय उत्तम. थकवा वैयक्तिक. रोज अर्धा तास भरभर चालावे.'

हे वाचताना आपल्यालाही एकदा तरी वाटलं असेल, की रोज थोडं थोडं चालायला तिला काय झालं होतं? समितीत असं वाटणारे पाचजण आहेत. आपण सहावे. या, बसा, सदस्यांना खुर्ची असते.

अध्यक्षांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. "करा सही, ताई. घरचंच काम आहे."

आधीच्या एक्केचाळीस अहवालांवर माझी सही आहे. पुढच्या वेळी नक्की बोलायचं, असं ठरवूनच प्रत्येक वेळी केलेली. मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"नाही करणार," मी म्हणाले. "आणि त्या एक्केचाळीस सह्याही परत घेते."