हजेरीत पहिला

सलिलचा भुतांवर विश्वास नव्हता, आणि हे तो कुणी न विचारताच सांगायचा. “भूत असतं ना भावा, तर कुठेतरी नोंद सापडली असती!” हे त्याचं लाडकं वाक्य. ताथवड्यात तो ज्या कंपनीत होता, तिथे चाकणच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. कुठलं मशीन किती वाजता सुरू झालं, कधी बंद पडलं, कोण चहाला जास्त वेळ रेंगाळलं, सगळ्याची नोंद. नोंद नाही ती गोष्ट जगात नाही, एवढं साधं त्याचं तत्त्वज्ञान. माणूस तसा गुणी. पण फुशारकी मारायची हौस भारी!

तर झालं काय, की कंपनीला अनुया मॅडम नावाच्या नव्या व्यवस्थापक मिळाल्या. त्या दुसऱ्या शहरातल्या मुख्य ऑफिसात बसायच्या. त्यांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं. स्क्रीनवर यायचा तो त्यांचा आवाज आणि एक गोल चिन्ह. आल्या आल्या त्यांनी नियम काढला: हजेरीत पहिला, तोच सुट्टीत पहिला. रिसेप्शनच्या भिंतीवर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. त्याच्यासमोर चेहरा आला की ते ‘टिंग’ करायचं आणि पडद्यावर नाव दाखवायचं; निघताना बटण दाबलं की ‘पुन्हा भेटू’ म्हणायचं. त्यावरून दर सोमवारी यादी निघायची. यादीत नावं नसत, नुसते क्रमांक. आणि सुट्टी मिळणार ती यादीतल्या पहिल्याला. फक्त पहिल्याला!

इथेच सलिलचा जीव अडकला होता. त्याची बायको अबोली बाळंतपणासाठी चऱ्होलीला माहेरी गेलेली. दिवस भरत आले होते. निघताना तिने बजावलं होतं, “मी कळा देत असताना तू मीटिंगमध्ये दिसलास ना, तर बाळाला बापाचं नाव दुसरंच सांगेन!”

“अगं, हजेरीत पहिला येणं म्हणजे काय मोठं? डाव्या हातचा मळ!” सलिल म्हणाला होता.

तो आठला जाऊ लागला. यादीत दुसरा. मग सातला जाऊ लागला, रात्री कुलूप लावूनच निघू लागला. तरी दुसरा! वर कायम एकच क्रमांक: ००१.

“हा एक नंबर आहे कोण?” त्याने शेजारच्या सुजितला विचारलं.

“मालक असतील.”

“मालक सहा महिने परदेशात आहेत!”

सुजितने यादी जवळ ओढून नीट पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. “भावा, आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास. हा माणूस घरीच जात नाही रे.”

“मशीनची चूक असेल,” सलिल म्हणाला. पण त्या संध्याकाळी एकटा कुलूप लावताना त्याला आत, रिकाम्या रिसेप्शनमध्ये, स्पष्ट ऐकू आलं. टिंग. त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरला.

मग आला रविवार. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सलिलने ठरवलं, आज छडा लावायचाच. भर दुपारी तो ऑफिसात आला. एसी बंद, पडदे ओढलेले, सगळ्या खुर्च्या टेबलांत सारलेल्या. रोज जिथे पन्नास माणसांची वटवट चालते, तिथे पाण्याच्या मशीनमधला एक बुडबुडा वर आला तरी दचकायला होत होतं. तो रिसेप्शनच्या सोफ्यामागे उकिडवा बसला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. समोर दार बंद, आत चिटपाखरू नाही.

टिंग.

पडदा उजळला. पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘स्वागत आहे, अर्जुनराव.’

सलिलच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण अर्जुनराव दोन महिन्यांपूर्वी वारले होते! इमारतीखालची जमीन एके काळी त्यांचीच. जमीन गेली, पण जागेचा लोभ सुटेना, म्हणून कंपनीच्या पहिल्या दिवसापासून दाराशी खुर्ची टाकून रखवालदारी करायचे. सहाच्या ठोक्याला मजल्यावर फेरी मारून सगळ्यांना हुसकावायचे, “सहा वाजलं! निघा आता. घरी लेकरं वाट बघत्यात. काम काय पळून जात न्हाई!” त्यांच्या अंत्यविधीला अख्खं ऑफिस गेलं होतं. सलिलने स्वतः खांदा दिला होता.

टिंग. ‘स्वागत आहे, अर्जुनराव.’

“क-काका?” सलिलच्या तोंडून निघालं. तो चार पायांवर दाराकडे सरकू लागला आणि सरकता सरकता त्याची नजर वर गेली. यंत्राच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर अर्जुनरावांचा फोटो होता. चंदनाचा हार, फेटा, मिशीखाली हसू. यंत्र त्या फोटोकडे बघत होतं आणि फोटो यंत्राकडे. खिळा ठोकणारा होता सलिलच! “इथं लावू, इथून काकांचं सगळ्यांवर लक्ष राहील,” असं म्हणून!

आधी तो पोट धरून हसला. मग त्याने मॅडमना फोन लावला.

“मॅडम, एक नंबरचे कर्मचारी वारलेत. त्यांना यादीतून काढा.”

तिकडे बटणं वाजली. “सिस्टिममध्ये ते कामावर आहेत.”

“पण ते मेलेत!”

“निरोपाची प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, सलिल. त्यासाठी कर्मचाऱ्याला स्वतः यंत्रासमोर येऊन होकार द्यावा लागतो. नोंद चुकत नाही. तुम्ही त्यांच्याकडून काही शिका.”

फोटो खाली उतरवायचा? त्याने हात वर नेलाही. पण खंडेनवमी उद्यावर आलेली, काकांचे डोळे थेट त्याच्यावर रोखलेले, आणि मजल्यावर दुसरं कुणी नाही. हात आपोआप खाली आला. आणि मग त्याच्या डोक्यात कल्पना आली. अशा कल्पना शहाण्या माणसाच्या डोक्यात येत नाहीत! मेलेला माणूस फोटोवर हजेरी लावू शकतो, तर जिवंताने काय घोडं मारलंय?

तो तडक आकुर्डीच्या स्टुडिओत गेला. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये हवा, म्हणाला.

स्टुडिओवाल्याने फोटो पाहून हळहळ व्यक्त केली. “वय काहीच नव्हतं हो. हार चंदनाचा देऊ की प्लास्टिकचा?”

“हार नको!”

“बरं बरं. घरचे ताजा घालतात, तेच चांगलं.”

सहाच्या सुमाराला सलिलचा फोटो अर्जुनरावांच्या शेजारी लागला. टिंग. ‘स्वागत आहे, अर्जुनराव.’ टिंग. ‘स्वागत आहे, सलिल.’ आपलंच नाव असं रिकाम्या खोलीत ऐकू... म्हणजे दिसू लागल्यावर तो उगाचच दोन पावलं मागे सरकला. पण म्हटलं, चला, आता काकांशी बरोबरी!

पहाटे चारला सासूबाईंचा, पद्माकाकूंचा फोन आला. “जावईबापू, कळा सुरू झाल्या!” सलिल गाडीला किक मारून चऱ्होलीला. फोन चार्ज करायचा राहून गेला आणि प्रसूतिगृहाच्या पायरीवर बॅटरीने मान टाकली. सलिलला फिकीर नव्हती. फोटो कामावर होता!

पुढचं त्याला नंतर कळलं. सकाळी आठला कस्तुराबाई आल्या. ऑफिसची झाडलोट त्यांच्याकडे, आणि खंडेनवमीची पूजाही त्याच मांडत. आपल्याकडे त्या दिवशी लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो. हारांची टोपली घेऊन त्या रिसेप्शनवर आल्या आणि खिळून उभ्या राहिल्या. अर्जुनरावांच्या शेजारी सलिल! फ्रेममध्ये!

“अगं माझ्या आई! परवा तर माझ्या हातचा चहा पिऊन गेलं लेकरू!”

डोळे पुसत पुसत त्यांनी फोटोला झेंडूचा मोठा हार घातला, कुंकू लावलं, खाली उदबत्ती आणि समई लावली. दहाला पूजेसाठी नटूनथटून मंडळी आली. दारातच थबकली. सुजितने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद!

“मला वाटलंच होतं,” सुजित घोगऱ्या आवाजात म्हणाला. “सातला येत होता, रात्री कुलूप लावत होता. शरीर आहे की काय आहे? त्या एक नंबरने खाल्ला त्याला!”

कुणीतरी हुंदका दिला. सगळे रांगेत उभे राहिले. दोन मिनिटं शांतता. इतका वेळ यंत्राच्या डोळ्यांपुढे दाटलेला उदबत्तीचा धूर सावकाश वर चढला, मग विरळ झाला.

टिंग.

‘स्वागत आहे, सलिल.’

कस्तुराबाईंच्या हातातली टोपली पडली. झेंडू फरशीभर घरंगळले. कुणी टेबलाखाली गेलं, कुणी सरळ जिन्यात. सुजितने डोळे मिटून म्हटलं, “भावा, तुझी सगळी राहिलेली कामं मी करतो, पण तू जा!” टिंग. तो नाही म्हणत होता.

दुपारी बाराला सुजित आणि आणखी चौघं सांत्वनाला चऱ्होलीला पोचले. घरच्यांनी प्रसूतिगृहाकडे पिटाळलं. पद्माकाकू बाकावर बसल्या होत्या. पाच माणसं माना खाली घालून समोर उभी राहिली.

“काकू, धीर धरा. आम्ही आहोत. बाळाचं सगळं आम्ही बघू.”

“अहो, धीर कशाला? मुलगी झाली, अकरा दहाला! पेढा घ्या!”

“सलिल असायला हवा होता हो,” सुजितला राहवेना.

त्याच वेळी समोरचं दार उघडलं. आत जाणाऱ्यांना देतात तसा पायघोळ पांढरा झगा घातलेला सलिल, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, हातात दुपटं घेऊन बाहेर आला. “सुज्या! तू इथे?”

सुजित सरळ आडवा झाला. प्रसूतिगृहात त्या दिवशी सलाइन लागलेला तो एकमेव पुरुष!

संध्याकाळी फोन जिवंत झाल्यावर सलिलने मॅडमना गाठलं. मुलगी झाली, दोन आठवडे सुट्टी हवी.

“आधी मला समजून घेऊ द्या. तुमचं निधन झाल्याचा सुजितचा मेल आलाय.”

“ते चुकून, मॅडम. मी जिवंत आहे.”

“ते मला माहीत आहे. काल संध्याकाळी सहापासून तुम्ही ऑफिसातच आहात. बाळ किती वाजता झालं?”

“अकरा दहा. मी अबोलीजवळच होतो!”

“नोंदीप्रमाणे अकरा दहाला तुम्ही रिसेप्शनवर होता. नोंद चुकत नाही. तेव्हा बाळंतपणाची सुट्टी देता येत नाही. आणि या यादीत पहिले ००१ आहेत. त्यांना दोन आठवडे रजा मंजूर केली आहे. ती संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला नाही.”

खरं सांगावं तर नोकरी जाणार! सलिलने “बरं, मॅडम,” म्हणून फोन ठेवला.

दोन आठवडे फार वाईट गेले. सलिलचा फोटो कस्तुराबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवून त्याच्या अंगावर टाकला, वर आठ दिवस चहा दिला नाही. अर्जुनरावांचा फोटो त्या त्यांच्या बायकोकडे, मंजुळाबाईंकडे पोचवून आल्या. भिंतीवर नुसता खिळा उरला. सलिल रात्री नऊला चऱ्होलीला पोचायचा, तेव्हा लेक झोपलेली असायची. तिचे उघडे डोळे त्याने फोनवरच्या फोटोतच पाहिले होते. फोटो या गोष्टीचाच त्याला राग येऊ लागला होता.

रजेनंतरचा पहिला सोमवार. सलिल पावणेनऊला एकटाच रिसेप्शनवर हार-फुलांची उरलेली दोरी सोडवत होता. बरोबर नऊ वाजले.

टिंग.

‘स्वागत आहे, अर्जुनराव.’

सलिलने समोर पाहिलं. खिळा. मागे पाहिलं. बंद दार. दाराजवळची ती जुनी खुर्ची मात्र नेहमीच्या जागेपासून थोडी पुढे आली होती. कस्तुराबाईंनी झाडताना सरकवली असेल. असेलच. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय!

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पुन्हा वाजलं. टिंग. ‘पुन्हा भेटू, अर्जुनराव.’

सलिलने लॅपटॉप मिटला, बॅग उचलली आणि हेल्मेट घातलं. तेवढ्यात भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवरून मॅडमचा आवाज आला, “सलिल? सहालाच?”

“मॅडम, हजेरीत पहिले आहेत ते सहाला निघाले. तुम्हीच म्हणालात, त्यांच्याकडून शिका.”

बटणं वाजली. बराच वेळ वाजली. “हो,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बारीक झाला. “नऊला आत, सहाला बाहेर. नोंद आहे.”

दुसऱ्या दिवशी सुजितने सहाला बॅग उचलली. आठवडाभरात अख्खा मजला. चऱ्होलीला पोचतो तेव्हा सलिलची लेक टक्क जागी असते आणि त्याचं बोट धरून ठेवते.

भुतांवर सलिलचा अजूनही विश्वास नाही, हे तो अजूनही न विचारता सांगतो. फक्त सहाला निघताना दाराशी तो क्षणभर बाजूला होतो, मान लववतो आणि आधी काकांना जाऊ देतो. नोंद आहे म्हटल्यावर काय करणार!