जाड हवा, पातळ हवा

माझे धाकटे दीर प्रल्हाद भाऊजी सकाळी उठले की तोंड धुण्याआधी हवा बघायचे. मागच्या दारी पेरूच्या फांदीला त्यांनी थर्मामीटर टांगला होता. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी अशा अवतारात त्याच्यासमोर उभे राहायचे, पारा बघायचे, नाकाने मोठा श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "वहिनी, आज हवा जाड आहे." नाहीतर, "आज पातळ."

थंड हवा जाड, गरम हवा पातळ. गल्लीत कुणी विचारलं, "काय प्रल्हाददा, बरं आहे ना?" की हे म्हणणार, "पातळ आहे." नवा माणूस घाबरून औषध सुचवायचा.

ही ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही नाशिक रोडला राहायचो. आमचे हे रेल्वेत होते, भाऊजी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. भाऊजींचं लग्न जमलं नाही, आणि का जमलं नाही ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सिन्नरला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चांगली, मॅट्रिक झालेली. पोहे झाले, मुलीचे वडील म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचारा." भाऊजींनी विचारलं, "दुपारी हा पत्रा किती तापतो?" मुलगी म्हणाली, "कधी हात लावून बघितला नाही." झालं. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "वहिनी, त्या घरात हवेचं कुणालाच काही नाही."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला बायको पाहिजे की वेधशाळा?"

त्यांनी खरंच विचार केला.

शेजारचे म्हातारे बाबा गेले तेव्हा तर कहर झाला. चितेला अग्नी देताना भाऊजी हळूच म्हणाले, "हवा जाड आहे, लवकर पेट घेईल." हळूच म्हणाले, पण बाबांच्या मुलाने ऐकलं. आमच्या ह्यांनी त्यांना कोपराने असं ढोसलं की दोन दिवस बरगडी दुखत होती. भाऊजींचं म्हणणं एकच, "मी काय खोटं बोललो?"

त्यांना मान देणारा माणूस एकच. मखमलाबादचे माणिकराव, द्राक्षवाले. थंडी वाढली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून ते फटफटीवरून थेट आमच्या दारात. "मास्तर, पारा कुठवर उतरंल? बागंत धूर करू का नको?" भाऊजी डॉक्टरसारखे गंभीर होऊन पेरूखाली जायचे. माणिकराव बाहेर चपला काढून वाट बघायचे. पण मोटारीचा विषय निघाला की हेच माणिकराव हसायचे. "मास्तर, हवेचं ज्ञान लय भारी तुमचं, पन त्या डबड्याचं काय खरं नाय."

डबडं म्हणजे भाऊजींची मोटार. भंगारातून आणलेली, पेट्रोलवर चालणारी, मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी. माझं वाळवण घालायची जागा तिने खाल्ली, म्हणून मी तिच्यावर दात ठेवून होते. एक दिवस भाऊजी मालेगावच्या भंगारबाजारातून शंखासारखं काहीतरी ओतीव लोखंडाचं पोटाशी धरून घेऊन आले. तान्हं मूल आणल्यासारखे.

"वहिनी, हा टर्बो."

"काय करतो?"

"फुंकणी आहे. चुलीत फुंकल्यावर जाळ कसा होतो? ही इंजिनात फुंकते. आणि फुंकायला माणूस लागत नाही. इंजिनाचा धूर बाहेर पडतो ना, त्याच्याच जोरावर फिरते."

"माझ्या चुलीला बसवा की मग."

"चुलीचा धूर कमी पडेल," भाऊजी म्हणाले. मी चेष्टा केली होती, त्यांनी हिशेब केला.

पुढची चार वर्षं आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, पण त्या इंजिनाचं पोट मला पाठ झालं. हवा जाड झाली की फुंकणी जास्त हवा आत कोंबते. हवा वाढली की पेट्रोलही वाढवायला लागतं. पेट्रोल सोडायला पितळेचं बोटाच्या पेराहून लहान जेट असतं. त्याचं भोक केसाएवढं मोठं करायचं की तेवढंच ठेवायचं, एवढ्यासाठी भाऊजी पेरूखाली जात. उन्हाळ्याचं जेट वेगळं, दिवाळीचं वेगळं, थंडीचं वेगळं.

मी म्हटलं, "म्हणजे पाहुणे वाढले की कणीक वाढवायची."

भाऊजी पाना खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, कारखान्यातल्या साहेबाला हे समजावायला मला अर्धा तास लागला."

"आणि कणीक कमी पडली तर?"

"आत भलती आग होते. पिस्टनला भोक पडतं."

मग चौथ्या वर्षीच्या डिसेंबरात पेठ रस्त्याच्या घाटात मोटारवाल्यांनी शर्यत ठेवली. एकेक गाडी खालून सोडायची, कमी वेळात वर जाईल ती पहिली. भाऊजींनी नाव दिलं, पण चालवणार माझा थोरला, अशोक. कारण भाऊजी गाडी कानांनी चालवतात. इंजिन ऐकायला लागले की डोळे मिटतात.

आम्ही तिघं उजाडताना घाटाखाली पोचलो. मीही गेले. मुलगा चालवणार आणि मी घरी लसूण सोलत बसणार, असं होणार नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांत धूर केलेला, तो जमिनीलगत पसरून राहिलेला. गवत पांढरं पडलेलं. माझे दात वाजत होते. भाऊजींनी थर्मामीटर काढून मोटारीच्या आरशाला टांगला, थांबले, वाकून बघितलं, परत बघितलं.

"चार," ते म्हणाले. "वहिनी, चार. इतकी जाड हवा मी जन्मात पाहिली नाही." त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसा सिन्नरला फुलायला हवा होता.

मग तो चेहरा हळूहळू उतरला.

"काय झालं?"

"माझं सगळ्यात मोठं जेट आठ अंशांचं आहे. याच्याखाली पारा जाईल असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे गाडी पळणार नाही?"

"पळेल. कधी पळाली नाही अशी पळेल. पहिली येईल." त्यांनी वर घाटाकडे बघितलं. "वर जाईपर्यंत टिकली तर. बहुतेक टिकेल."

"आणि नाही टिकली तर?"

"इंजिन जाम होईल. वळणावर झालं तर गाडी ऐकणार नाही."

पलीकडे अशोक शर्यतीत उतरलेल्या माणिकरावांच्या जीपपाशी उभा राहून हसत होता. कानटोपी, आणि वर तोऱ्यात गॉगल. मी "गाडी घरी न्या" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण भाऊजी आधीच बॉनेटखाली वाकले होते. फुंकणीची जादा हवा बाहेर सोडणारी एक झडप असते, तिची स्प्रिंग ते सैल करत होते. एक आटा, दोन आटे, करत करत पार शेवटपर्यंत. थंडीने बोटं वळत नव्हती, म्हणून पाना मी धरला.

"आता?" मी विचारलं.

"आता फुंकणी नावाला. साधी मोटार झाली." त्यांनी बॉनेट लावलं. "अशोकला सांगू नका. उगाच हिरमुसेल."

अशोक बसला, निशाण पडलं, गाडी गेली. मी वळणं मोजत होते. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

नऊ गाड्यांत आमची सातवी आली. आमच्या मागे राहिल्या त्यांतली एक वाटेत बंद पडली होती. माणिकरावांची जीप आमच्या पुढे. ते खाली आले आणि चारचौघांत म्हणाले, "मास्तर, फुंकनी घरी ठिवून आले का काय?" सगळे हसले. अशोकने गॉगल खिशात घातला आणि सरळ म्हणाला, "काका, दमच नाही हिच्यात. चार वर्षं केलंत काय तुम्ही?"

"हवा बरोबर नव्हती," भाऊजी म्हणाले.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्या तोंडाला ती सवय नाही, जबडा दुखला. अशोक दोस्तांबरोबर मिसळ खायला जीपमधून निघून गेला.

आम्ही दोघं दगडावर बसून भाकरी खाल्ली. ऊन वर आलं, धूर विरला, लोक पांगले. दहा वाजता ते उठले, आरशाकडे गेले.

"सोळा."

मग झडप पुन्हा आवळली, सोळाचं जेट बसवलं, तेलकट हात गवताला पुसले आणि माझ्यासाठी दार उघडलं. "बसा वहिनी."

"मी? पुढे?"

"मागे काही कळत नाही."

मी पदर खोचला आणि बसले. पहिल्या वळणापर्यंत ती मोटारच होती. मग भाऊजींनी पाय दाबला आणि कुणीतरी पाठीमागून मला सीटमध्ये ढकललं. घाटाची झाडं एकमेकांत मिसळली. माझा अंबाडा सुटला. समोरून बकऱ्या आल्या, कुठे गेल्या कळलं नाही. दर वळणाला मी ओरडत होते, "डोळे उघडे ठेवा, भाऊजी, डोळे!" आणि खरं सांगते, थांबवा असं एकदाही म्हटलं नाही. मधल्या लांब चढावर बॉनेटखालून फुंकणीची एक शीळ निघाली. बारीक, मग वर वर चढत गेलेली, रानात पोरगं घालतं तशी. पुढच्या चढाला पुन्हा.

माथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. तिथे कुणी नव्हतं. तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं.

"शीळ ऐकू आली?" भाऊजींनी समोर बघतच विचारलं.

"आली की."

"दोनदा?"

"दोनदा."

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ तळव्याने पुसली. मग म्हणाले, "मला वाटायचं, मला एकट्यालाच येते."

मी केस बांधत होते. म्हटलं, "उतरताना परत वाजवा."

"उतारावर वाजत नाही, वहिनी."

"मग खाली जाऊन परत वर या," मी म्हटलं. भाऊजींनी गाडी वळवली.